गिळलेला शब्द

मोकल बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण वरसे गावातल्या लोकांनी ती गोष्ट अजून मनावर घेतली नव्हती. बँकेचं पत्र आलं, विम्याचा कागद आला, कुणाच्या जावयाला दुबईहून मेल आला, की लोक चप्पल काढून थेट ओट्यावर. "बाई, जरा बघा ना, काय म्हणतायत ते." बाई बघत. पेणच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, रोज गाडीने रोहा-पेण केलं, त्याचीच ही शिक्षा असावी असं त्यांना हल्ली वाटू लागलं होतं. त्यांचे यजमान दत्तात्रेय एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म त्यांनी 'अलिबाग गाडी कधी?' याची उत्तरं देण्यात घालवला होता. ते म्हणत, "मी चौकशीच्या खिडकीतून सुटलो, तर माझ्याच घराला खिडकी पडली."

बाई हसत नसत. त्या दमल्या होत्या. हे दमणं झोपेने जाणारं नव्हतं. दुसऱ्याच्या कागदातली काळजी आपण आधी वाचायची आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत ती त्याला सांगायची, असलं हे काम. बरं, नाही म्हणावं तर 'बाईंना आता गर्व चढलाय' हे ऐकायला गल्ली मोकळीच होती.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत तीन जण येऊन गेले होते. बाई ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या, हात ओले, चष्मा आत देवापाशी. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. प्रविण होता. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरावर राबणाऱ्या सगुणाचा मुलगा. नववीत बाईंच्या वर्गात होता, इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आता धाटावच्या एका केमिकल कंपनीत चौदा वर्षं ऑपरेटर होता आणि बायकामुलांसह वरसे इथेच भाड्याने राहत होता.

"बाई, कंपनीचा पत्र आलाय. जरा बघता का? मना परत पेनला जायचा हाय. आय एकटीच हाय दवाखान्यात."

सगुणा मिठागराच्या बांधावरून घसरून पडली होती, खुबा मोडला होता. प्रविण अठरा दिवस कामावर गेला नव्हता. सुपरवायझरला त्याने फोनवर सांगितलं होतं, आणि सांगितलं म्हणजे झालं, अशी त्याची समजूत होती.

"हात ओले आहेत रे," बाई म्हणाल्या. "तूच वाच."

ही त्यांची जुनी सवय. मुलाने वाचायचं, बाईंनी ऐकायचं. प्रविणने हेल्मेट न काढताच कागद उघडला आणि थेट नववीतल्या सुरात सुरू झाला. पहिली चार वाक्यं त्याने गाडी सुटल्यासारखी पळवली. मग, "इफ यू फेल टू रिपोर्ट... विदिन सेव्हन डेज... इट शॅल बी कन्सिडर्ड दॅट यू हॅव..." इथे तो अडला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि पुढे गेला, "...द सर्व्हिस."

अडलेला शब्द गिळून पुढे जायचं, ही प्रविणची शाळेपासूनची खोड. बाईंच्या कानाला ती खटकली. वर्गात असत्या तर टेबलावर पट्टी आपटून "थांब" म्हणाल्या असत्या आणि तो शब्द त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतला असता. त्या थांब म्हणाल्या नाहीत. टोपलीत अजून निम्मे वाल होते, पाठ दुखत होती, आणि कुणाला तरी थांबवायचं म्हणजे आपणही थांबायचं, ते त्यांना त्या दिवशी नको होतं.

"सात दिवसांत कळवा म्हणतायत," त्या म्हणाल्या. "आणि कन्सिडर करतायत. नोकरी आहे असं धरतायत. एक अर्ज देऊन टाक."

"म्हंजे बरा हाय ना?"

"बरं आहे."

प्रविणचा चेहरा उजळला. मोटारसायकल वळली आणि बाईंनी पुढचा वाल उचलला.

आता कन्सिडर हा शब्द धाटावच्या रस्त्याला लागला की इंग्रजी राहत नाही, हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. गेटवर दहा मिनिटं उशीर झाला आणि वॉचमनने आत सोडलं, की त्याने कन्सिडर केलं. लग्नासाठी रजा हवी, तर "साहेब, जरा कन्सिडर करा." मासळीवालीने दोन बोंबील वर टाकले, तर मावशीने कन्सिडर केलं. तिकडे त्याचा अर्थ एकच, सांभाळून घेणं. शाळेतही बाईंनी दरवर्षी फळ्यावर या शब्दाचे इंग्रजी भाऊबंद लिहून दिले होते. थिंक, डीम, रिगार्ड, जज, होल्ड, रेकन. मराठीत मात्र एकच अर्थ दिला होता, विचार करणे. प्रविणच्या डोक्यात शाळेतला विचार आणि कंपनीतलं सांभाळून घेणं असे दोन अर्थ होते, आणि दोन्ही भले होते.

म्हणून त्याने अर्ज दिला नाही. दुसऱ्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं. त्यानंतर रक्त, औषधं, डबे यांत दिवस गेले. कंपनी कन्सिडर करते आहे, खुद्द मोकल बाईंनी सांगितलंय, मग घाई कसली?

पुढच्या आठवड्यात प्रविणची बायको ऋतुजा एक पिशवी घेऊन आली. तिच्या सासूने, सगुणाने, दवाखान्यातून सांगून पाठवलेलं खडेमीठ आणि पोह्याचे पापड. "आत्या बोलल्या, बाईंला दे. बाईंनी माझ्या पोराचा काम वाचवला." बाईंनी पिशवी घेतली, स्वयंपाकघरात ओट्याखाली सरकवली आणि विसरून गेल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रविण पुन्हा आला, या वेळी पायी. पहिल्या पाळीला गेला होता, गेटवर कार्ड लागलं नाही. वॉचमनने त्याच्या हातात पाकीट दिलं होतं. बाईंनी चष्मा लावला. हे पत्र त्यांनी स्वतः वाचलं, मग त्याच्याकडून ते पहिलं मागून घेतलं आणि वाचलं. त्या वाक्यापाशी येऊन त्या थांबल्या. दॅट यू हॅव अबॅन्डन्ड द सर्व्हिस. एवढाच एक शब्द गिळला होता. त्याच्यासकट वाचलं तर 'तू नोकरी सोडून गेलास असं समजण्यात येईल', आणि त्याच्याशिवाय वाचलं तर 'तुझी नोकरी आहे असं धरलं जाईल'.

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं तीच होती.

"काय बोलतात बाई?"

"प्रविण, मी चुकले." त्यांना वाटलं होतं हे म्हणायला जड जाईल. जड गेलं नाही, नुसतं आतून रिकामं झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि एकेक शब्द फोडून सांगितला. कंपनीने काढलेलं नाही. तूच सोडून गेलास असं समजलंय. सात दिवसांत हजर झाला असतास, निदान कळवलं असतंस, तर समजलं नसतं.

प्रविणने कागद हातात घेतला. "पन मी कुठं सोडून गेलो? मी पेनला होतो."

"होतास रे."

"सुपरवायझरला म्हायत हाय."

"कागदाला माहीत नाही."

तो चिडेल, निदान एखादा शब्द बोलेल, असं बाईंना वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. पण तो म्हणाला, "जाऊ दे बाई. तुमी काय मुद्दाम केला? मी बोलतो कंपनीत, मी पत्र वाचलाच नाय. तुमचा नाव नाय घेनार. उगाच लोक हसतील तुमाला."

बाईंना शरमेने मान वर करवेना. नोकरी त्याची गेली होती आणि हा त्यांचं नाव सांभाळत होता.

त्या दुपारी दत्तात्रेयांनी जेवताना विषय काढला. "त्याला बोलू दे ना, वाचलं नाही म्हणून. एकतीस वर्षं कमावलेलं नाव आहे तुझं. वरशात उद्या एक माणूस कागद घेऊन येणार नाही."

"न आले तर बरंच," बाई म्हणाल्या.

"तसं म्हणायला ठीक असतं."

"वाचलंच नाही म्हणणाऱ्याला कोण माफ करणार हो? चुकीचं वाचलं असं सिद्ध झालं, तर कुणाला तरी पाझर फुटेल." एवढं बोलून त्या उठल्या. स्वयंपाकाच्या ओट्याखाली मिठाची पिशवी तशीच होती, तळाशी ओल धरून. ती बघून त्यांना भडभडून आलं. नळ सोडून त्या थोडा वेळ भांडी घासत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी इंग्रजीत एक पानभर पत्र लिहिलं. वळणदार, एकही खाडाखोड नाही. या कामगाराने आपलं पत्र माझ्याकडे वाचून घेतलं, मी कागद हातात न घेता अर्थ सांगितला, तो चुकीचा होता, त्या चुकीवर विसंबून याने खुलासा दिला नाही, दोष माझा. खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त इंग्रजी शिक्षिका'. ते तीन शब्द लिहिताना मात्र हात थोडा थांबला.

सोमवारी बाई आणि प्रविण धाटावला गेले. कंपनीत एचआरचं काम बघणारा साहेब मितेश हाही बाईंचाच विद्यार्थी, प्रविणच्या नंतर आठ वर्षांनी त्याच शाळेतून गेलेला आणि इंग्रजीत पहिला आलेला. बाईंना बघताच तो खुर्चीतून उठला, वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. प्रविण दाराशीच उभा राहिला. बाईंनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसायला लावलं.

मितेशने पत्र वाचलं. मग परत वाचलं. "बाई, हे तुम्ही कशाला लिहून दिलंत?"

"खरं आहे म्हणून."

"तुमचा तो फळा मला अजून पाठ आहे. थिंक, डीम, रिगार्ड, जज..."

"आणि मराठीत किती दिले होते?"

तो हसला. "एकच. विचार करणे."

"तिथेच चुकलं. समजणं, मानणं, धरणं, लेखणं, एवढे शब्द घरात असताना मी तुम्हांला एकच दिला. तुझं काही अडलं नाही. याचं अडलं."

 मितेश जरा अवघडून म्हणाला, "बाई, राग मानू नका. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण वर मॅनेजमेंट विचारणार, कशावरून? असं कुणीही एखाद्या बाईंचं पत्र आणेल. इंग्रजी कळलं नाही म्हणेल. चौदा वर्षं नोकरी केलेला माणूस एक वाक्य वाचू शकत नाही, हे मी कसं पटवू?"

बाईंना हे येणार हे ठाऊक होतं. रात्रभर त्याच विचाराने त्यांना डोळा लागला नव्हता. त्यांनी पर्समधून ते पहिलं पत्र काढलं आणि प्रविणच्या हातात दिलं.

"वाच."

प्रविणने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने तो शब्द रातोरात पाठ करून आणला असता, आणि मग सगळंच खोटं ठरलं असतं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, मिशीत पांढरं आलेलं, उभा राहिला. वर्गात वाचायला उभं राहत, म्हणून उभा राहिला. काचेच्या पलीकडे दोन क्लार्क मुली काम थांबवून बघू लागल्या.

"इफ यू फेल टू रिपोर्ट..." त्याने सुरुवात केली. "विदिन सेव्हन डेज... इट शॅल बी कन्सिडर्ड दॅट यू हॅव..." आणि तिथे, अगदी तिथेच, जीभ अडली, ओठ नुसते हलले आणि गाडी पुढे सरकली, "...द सर्व्हिस."

काचेपलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वळून पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी थांबलं. एवढा धाक अजून शिल्लक होता. पण हसणारीची काय चूक? त्याला उभं कुणी केलं होतं? आपल्या चुकीचा पुरावा म्हणून आपण त्याचीच अब्रू चार लोकांत काढली, हे बाईंना त्या क्षणी कळलं आणि पुढे कधीही विसरता आलं नाही.

मितेशने हातातलं पेन खाली ठेवलं होतं. "दॅट यू हॅव द सर्व्हिस," तो स्वतःशीच म्हणाला. मग प्रविणला म्हणाला, "बसा दादा, बसा." बाईंचं पत्र फाइलला लावत म्हणाला, "मी वर लिहून पाठवतो. माझ्या डोळ्यांदेखत वाचून घेतलं असंही लिहितो. ते कन्सिडर करतील."

प्रविणचा चेहरा खुलायला लागला, जुन्या सवयीने.

"मितेश," बाई म्हणाल्या, "मराठीत सांग."

मितेशने मान खाली घातली. "विचार करतील. घेतीलच असं नाही."

"ऐकलंस?" बाईंनी प्रविणला विचारलं.

"ऐकला."

बातमी वरसे गावात पोचायला दोन दिवस लागले. एका अर्थी दत्तात्रेय म्हणाले तसंच झालं. कागद घेऊन येणारे थांबले. कुणाचा भाचा पुण्याला होता, कुणी मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करून घेऊ लागलं. ओटा मोकळा झाला. इतकी वर्षं हवी असलेली विश्रांती मिळाली आणि ती बाईंच्या अंगाला लागेना. संध्याकाळी फाटक वाजलं की त्या हातातलं काम टाकून बाहेर बघत. दत्तात्रेय चहा स्वतः करून आणू लागले होते.

धाटावहून आल्याच्या अकराव्या दिवशी फाटकाशी मोटारसायकल थांबली. प्रविणने हेल्मेट काढलं, ओट्यावर ठेवलं, पाकीट पुढे केलं. फोडलेलं नव्हतं.

"तुमीच फोडा."

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला, पाकीट फोडलं. वाचायला सुरुवात करणार, तोच थांबल्या आणि कागद त्याच्या हातात दिला. "तू वाच. मी बघते."

दोघं एका कागदावर वाकले. प्रविण सावकाश वाचू लागला. अडला की बोट ठेवून थांबू लागला. "हा येत नाय." बाई सांगत, तो म्हणे, पुढे जाई. सहानुभूतीच्या दृष्टीने, हा शब्द आला. मग पहिल्या मार्चपासून कामावर हजर व्हावं, हे आलं. प्रविणने वर पाहिलं. "घेतला?"

"घेतलं. पुढे वाच."

"युवर पास्ट सर्व्हिस... शॅल नॉट बी कन्सिडर्ड..." तो थांबला. या शब्दावर तो कधीच अडला नव्हता. पण बोट तिथेच राहिलं. "कन्सिडर नाय म्हंजे? विचार नाय करनार?"

बाईंना वाटलं, आत्ता म्हणावं, काही नाही रे, तशी भाषा असते कागदांची.  मग त्यांनी शब्द निवडला. या वेळी घाई केली नाही.

"धरणार नाहीत. मागची चौदा वर्षं धरणार नाहीत. पहिल्या तारखेपासून तू नवीन."

"नवीन म्हंजे... ट्रेनी?"

"तसंच."

आतून कुकरची शिट्टी झाली आणि बंद झाली. प्रविण कागदाकडे बघत होता. चौदा वर्षांत दोन पोरं झाली होती, हातावर ॲसिडचा डाग पडला होता, दिवाळीच्या पाळ्या केल्या होत्या. त्यातलं काही त्या वाक्यात नव्हतं.

"सही करू नकोस," बाई घाईने म्हणाल्या. "आपण लढू. युनियनला सांगू. लेबर कोर्ट आहे. मी येईन तिथे, सांगेन सगळं."

"किती दिस लागतील?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "दोन वर्षं. तीन. सांगता येत नाही."

"आय अजून कुबड्यांवर हाय, बाई." एवढंच तो म्हणाला. मग खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे सहीच्या वर एक बारीक ओळ होती. "ह्या काय?"

बाईंनी ओळ वाचली. डोळे भरून आले होते, पण चष्मा काढला नाही. "तुला म्हणायला लावलंय. मी हे वाचलं आणि मला समजलं."

प्रविणने ती ओळ स्वतः एकदा वाचली, एकही शब्द न गिळता. मग कागद ओट्यावर सारखा केला आणि सही केली.

"ह्या टायमाला समजला, बाई," तो म्हणाला.